मृत्यू नेमका कशामुळे?

चौसाळा धुळे-सोलापूर महामार्गावरचं गाव. गळीत हंगामात रात्री उसाची ट्रॉली दिसते ती अगदी जवळ गेल्यावर. मागे रिफ्लेक्टर नाही, ऊस बाजूंनी बाहेर आलेला. अपघात झाला की पहिला प्रश्न लायसन्सचा. तो रास्तच; पण लायसन्स नसणं म्हणजे मृत्यूचं कारण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने मुलाणी खटल्यात स्पष्ट केलं आहे.

रंगवाला खटला याहून अवघड. 1962 साली मुंबईतल्या रंगाच्या कारखान्यात आग लागून सात कामगार गेले. परवाना नसताना कामाच्याच खोलीत बर्नर, जवळच वार्निश आणि टर्पेंटाइनचा साठा. एका कामगाराने बर्नरवर तापलेलं पिंप निवायच्या आत त्यात टर्पेंटाइन ओतलं, फेस उतू गेला. मृत्यूचं थेट कारण ते ओतणं, असं ठरवून सर्वोच्च न्यायालयाने व्यवस्थापक रंगवालाला निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या कलमातून सोडलं. आगीबाबतच्या निष्काळजीपणाची शिक्षा तेवढी कायम राहिली. तर्क पटतो, तरी आम्हाला हा निकाल खुपतो. धोका रचणारा दूर राहतो, शेवटचा हात सापडतो.

निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून पंचनाम्यात रिफ्लेक्टर, ब्रेकच्या खुणा, उजेड आणि ट्रॉली तशी रस्त्यावर कुणी पाठवली, हे सगळं नोंदवलंच पाहिजे.