किम : मुलगा की मुलगी?

बारशाला हल्ली छोट्या, सुटसुटीत नावांची चलती आहे. 'किम' हे त्यातलेच. ऐकताच मुलीचे वाटते ना? पण हे नाव जगभर पोहोचवले ते एका मुलाने आणि तो मुलगा शिकला चक्क लखनौत!

१८६५ साली मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगची 'किम' ही कादंबरी १९०१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक किमबॉल ओहारा हा आयरिश पलटणीतल्या सैनिकाचा पोरका मुलगा. लाहोरच्या गल्ल्यांत वाढलेल्या या पोराला 'साहेब' बनवण्यासाठी लखनौच्या सेंट झेवियर्स शाळेत घालतात. फी भरतो एक तिबेटी लामा! शाळा काल्पनिक, पण तिच्यामागे लखनौची १८४५ मध्ये सुरू झालेली ला मार्टिनिअर असावी, असे मानतात.

ओहारा हे आडनाव अस्सल आयरिश. किमबॉल मात्र इंग्लंडमधले जुने आडनाव. त्याचेच लाडके रूप किम.

कादंबरी गाजली आणि मुलांना किम म्हणून हाका मारल्या जाऊ लागल्या. १९१२ मध्ये अंबाल्यात जन्मलेला हॅरल्ड फिल्बी असाच किम झाला. कादंबरीतला किम इंग्रजांसाठी हेरगिरी करतो. हा किम ब्रिटिश गुप्तचर खात्यात राहून रशियासाठी हेरगिरी करत होता. १९६३ मध्ये तो मॉस्कोला पळाला!

पुढे चित्र पालटले. एडना फर्बरच्या 'शो बोट' (१९२६) कादंबरीत किम ही मुलगी झाली. १९५० नंतर हॉलिवूडमध्ये किम नोवाक चमकली. मग १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेत मुलींच्या पहिल्या दहा नावांत 'किंबर्ली' जाऊन बसली. घरोघरी तिची हाक किमच. नंतर ही लाटही ओसरली. आपल्याकडे 'डिस्को डान्सर'ची (१९८२) नायिका किम आणि 'मोहब्बतें'मधली (२०००) किम शर्मा, दोघी मुलीच. ऑस्ट्रेलियाचा कप्तान किम ह्यूज तेवढा क्रिकेटप्रेमींना आठवेल.

आपल्याकडे किरण मुलालाही शोभतो, मुलीलाही. तिकडे मात्र एकदा मुलींचे झालेले नाव मुलाला ठेवायला आईबाप सहसा धजत नाहीत. पण ज्यांचे बारसे आधीच होऊन गेले, त्या किमांनी काय करायचे?

संस्कृतात 'किम्' म्हणजे 'काय?' गंमत म्हणजे कादंबरीतला किमही स्वतःला पुन्हा पुन्हा विचारतो, 'मी कोण?' तेव्हा आत्याबाई, बाळाच्या कानात नाव सांगण्यापूर्वी एवढा विचार जरूर करा : फॅशन चार दिवसांची, नाव जन्माचे!