फाळाचे पाणी आणि लेसरचा किरण

अवजाराची धार किती काळ टिकते, या प्रश्नाकडे आपण विस्तार कार्यकर्ते द्यावे तितके लक्ष देत नाही, असे माझे मत आहे. बियाणे, खते, औषधे यांची चौकशी आपण शेतकऱ्याकडे आवर्जून करतो. परंतु त्याच्या रोटाव्हेटरची पाती किती झिजली आहेत हे वाकून पाहणारे आपल्यात थोडेच. झिजलेले पाते माती कापीत नाही, ती ढकलते. डिझेल अधिक जळते आणि मशागत मात्र उथळ राहते. हा तोटा कोणत्याही पावतीवर लिहिलेला नसतो, म्हणून तो सहसा ध्यानात येत नाही.

माझे स्वतःचे लक्ष या विषयाकडे वळले ते एका चुकीमुळे, आणि ती चूक माझीच होती. दोन वर्षांपूर्वी माझ्या मंडळातील एका शेतकरी गटाने आपल्या अवजारे बँकेतील रोटाव्हेटरची पाती बदलावयाचे ठरविले. सहा फुटी यंत्राला साधारणतः ४२ पाती लागतात, तेव्हा खर्च लहान नव्हता. बाजारात ‘लेसरची पाती’ या नावाने एक माल आला होता. गटाच्या अध्यक्षांनी विचारले, “साहेब, घ्यावीत का?” लेसर हा शब्द ऐकूनच मी होकार दिला. हंगाम पुरता संपण्यापूर्वीच पात्यांची टोके गोल झाली. मागाहून चौकशी केली तेव्हा उलगडा झाला की, लेसरने पोलादाची पट्टी केवळ त्या आकारात कापलेली होती; ती कठीण करण्याची क्रिया झालीच नव्हती. विक्रेता खोटे बोलला असेही म्हणता येत नाही. लेसरने धातू कापता येतो, जोडता येतो आणि कठीणही करता येतो. ही तीन कामे निराळी आहेत, आणि यांपैकी कोणते झाले आहे हे मी विचारलेच नव्हते.

लेसरने पोलाद कठीण कसे होते, हे समजण्यास आपल्या गावचा लोहार पुरेसा आहे. फाळ शेवटताना तो त्याचे टोक भट्टीत लाल करतो आणि तेवढेच टोक पाण्यात बुडवितो. यालाच आपण फाळाला पाणी देणे म्हणतो. तापलेले पोलाद एकाएकी थंड झाले की त्याची आतील रचना बदलते व ते कठीण होते. पण जे कठीण ते ठिसूळही असते. सबंध फाळाला पाणी दिले तर तो पहिल्याच दगडावर तुटावयाचा. म्हणून जाणता लोहार मागचा भाग चिवट ठेवतो.

लेसरची क्रिया हीच, फक्त फार सूक्ष्म प्रमाणावर. प्रकाशाचा एकवटलेला झोत धातूच्या पृष्ठभागावरून संथपणे फिरवितात. झोताखालची रेघ क्षणार्धात सुमारे ९०० अंश सेल्सियसच्या वर जाते. खालचे पोलाद मात्र थंडच असते. झोत पुढे सरकला की हे थंड पोलाद वरची उष्णता ओढून घेते, आणि पाणी किंवा तेल न वापरता वरचा थर कठीण होतो. पोलाद जणू स्वतःच स्वतःला पाणी देते. हा थर साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर जाडीचा असतो. गाभा चिवट राहतो आणि भाग फारसा वाकत नाही. दुसरी एक रीत आहे, तीत टंगस्टन कार्बाइडसारख्या अतिकठीण पदार्थाची भुकटी लेसरच्या साहाय्याने धारेवर सांधतात.

या शास्त्राचे महाराष्ट्राशी एक नाते आहे, ते थोड्यांनाच ठाऊक असेल. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी सिद्ध केला. धातूंवर काम करण्यास पुढे फार उपयोगी पडलेला कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ मध्ये तेथील बेल प्रयोगशाळेत ज्यांनी शोधिला, ते चंद्रकुमार पटेल १९३८ साली बारामतीस जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर. पुढील दशकात अमेरिकेतील मोटार कारखाने या लेसरने यंत्रभाग कठीण करू लागले.

असे असले तरी ‘लेसर’ या अक्षरांना अधिक पैसे मोजावेत, असे मी म्हणणार नाही. पहिली गोष्ट अशी की, पोलादात कार्बनचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक नसेल तर ही क्रिया फारशी फळत नाही. गावोगावच्या वर्कशॉपमध्ये वापरले जाणारे माइल्ड स्टील या कामाचे नव्हे. दुसरी गोष्ट वाळूची. विकर्स नावाच्या मापाने मोजले तर साधे मऊ पोलाद सुमारे १५० भरते, चांगले पाणी दिलेले ६०० ते ७००, आणि वाळूतील गारेचा कण हजाराच्याही वर. म्हणजे कठीण केलेले पातेसुद्धा वाळूपुढे मऊच. ते झिजणार, फक्त सावकाश झिजणार. आपल्या काळ्या जमिनी बेसॉल्ट खडकापासून झाल्या असल्याने त्यांत गारेचे कण कमी असतात. पूर्व विदर्भातील रेताड जमिनीत किंवा नदीकाठच्या वाळूमिश्रित पोयट्यात धार लवकर जाते, आणि महाग पात्याचा विचार करावा तो तेथे. मुरमाड माळावर तर पाते झिजण्याआधीच दगडाने तुटते किंवा वाकते. तेथे चिवटपणा पाहावा.

लेसरचा मला दिसणारा खरा लाभ निराळाच आहे. उंदराचे पुढचे दात कधी बोथट होत नाहीत, याचे कारण काय? त्यांच्या पुढच्या बाजूस कठीण दंतवल्क असते, मागची बाजू मऊ. मऊ बाजू आधी झिजते, कठीण कड पुढे उरते आणि धार आपोआप राहते. इंग्लंडात इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ साली नेमके हेच तत्त्व बिडाच्या फाळात आणले. ओतताना खालची बाजू लवकर थंड करून ती कठीण केली, वरची मऊ ठेवली. लेसरने पात्याची एकच बाजू, हवी तेवढी रुंद, अचूकपणे कठीण करता येते. आपल्या कारखानदारांनी व कृषी विद्यापीठांनी मन घालावे ते येथे. हैदराबाद येथील ए.आर.सी.आय. व इंदूर येथील राजा रामण्णा केंद्र या सरकारी संस्थांत लेसरचे जाणकार आहेतच.

तोपर्यंत पाती घेताना शेतकऱ्याने क्रियेचे नाव न विचारता कठीणपणाचा आकडा विचारावा. आय.एस. ६६९० या भारतीय मानकाप्रमाणे रोटाव्हेटरच्या पात्याचा कठीणपणा धारेकडे रॉकवेल ‘सी’ मापाने ५३ ते ५९ आणि दांड्याकडे ३७ ते ४५ असावा लागतो. दुकानदाराकडे आकडा नसेल तर खिशातून कानस काढावी. धारेवर ती सहज चावली व कीस पडला तर पाते मऊ आहे. घसरली तर ठीक. आणि वाकलेले चांगले पाते भट्टीत लाल करून सरळ करू नये, त्याचे पाणी उतरते. ही चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.

या खरिपात त्या गटाच्या रोटाव्हेटरला आम्ही दोन प्रकारची पाती एकाआड एक बसविली आहेत. प्रत्येक पाते वाण्याच्या तराजूवर तोलून त्याचे वजन वहीत लिहून ठेवले आहे. हंगाम संपला की पुन्हा तोलू. ज्या कार्यकर्त्यांकडे रेताड जमीन आहे त्यांनीही असेच तोलून आकडे आमच्याकडे पाठवावेत. येत्या अंकांतून ते छापता येतील.