उपवासाआधीचं फडताळ

2026 मध्ये ख्रिस्ती बांधवांचा राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला आला आणि त्याच आठवड्यात आपले रोजे सुरू झाले. तरी त्या दिवसांत आपल्या ग्रुपवर फिरले ते गोव्याच्या कार्निव्हलचे व्हिडिओ: दारू, नाच, आणि खाली 'तौबा तौबा'. हा सण उपवासाच्या उंबरठ्यावर येतो, हे त्यातल्या कुणीच लिहिलं नाही.

गोव्यातल्या गावांत त्याला इंत्रूज म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आला, मूळ लॅटिन, अर्थ प्रवेश. म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात प्रवेश. 'कार्निव्हल' या शब्दातही मांस बाजूला ठेवण्याचाच अर्थ आहे. किंग मोमो आणि पणजीची रथांची मिरवणूक 1965 पासूनची, पर्यटकांना आवडणारी. गोव्याच्या चर्चनेही तिच्यापासून अंतर राखलं आहे. चांदोर गावात मात्र इंत्रुजाच्या दिवसांत आजही 'मुसळ खेळ' होतो. ख्रिस्ती गावकरी मुसळं जमिनीवर आपटत नाचतात, आणि हा खेळ धर्मांतराच्या आधीचा मानला जातो.

पण मला जास्त रस आहे तो स्वयंपाकघरात. जुन्या युरोपात उपवासकाळात नुसतं मांस नव्हे, तर अंडी, दूध, लोणीही वर्ज्य होतं. मग घरात उरलेल्याचं काय करायचं? टाकवत नाही, ठेवलं तर नासतं. म्हणून आदल्या मंगळवारी सगळं काढायचं आणि खाऊन संपवायचं. इंग्लंडात पॅनकेक, रशियात अख्खा लोणी-सप्ताह, फ्रेंचांत तर त्या दिवसाचं नावच 'चरबीचा मंगळवार'. आपल्याकडे मुंबई-गोव्याच्या कॅथलिक घरांत ओल्या खोबऱ्याचं आणि गुळाचं सारण भरलेले पॅनकेक होतात. 1966 मध्ये पोपने उपवासाचे नियम बरेच सैल केले. फडताळ रिकामं करायची गरज उरली नाही, पॅनकेक राहिले.

मराठी माणसाला हे नवं वाटू नये. श्रावणाच्या आदल्या दिवसांत मटणाच्या दुकानापुढे रांग लागते, ती याच हिशोबाने. गटारीच्या नावावरून विनोद करणारे पुष्कळ आहेत, पण पुढचा महिनाभर जो माणूस खरंच मांसाला शिवत नाही, त्याच्याबद्दल कुणी विनोद करत नाही. रस्त्यावरचा दारुडा सगळ्यांना दिसतो, घरातला उपवास दिसत नाही. हे आपल्याला तरी कळायला हवं; आपल्या सणांचेही असेच व्हिडिओ दुसऱ्यांच्या ग्रुपवर फिरतात.

आपली गोष्ट जरा वेगळी. रोज्यात वेळेचं बंधन आहे, हलाल अन्न इफ्तारनंतर सगळं चालतं. त्यामुळे आपल्याला काही संपवून टाकायची गरजच नव्हती. हदीसमध्ये तर रमजानच्या आधी एक-दोन दिवस रोजे धरून त्याच्या पुढे पळू नका, असं सांगितलं आहे. शब-ए-बारातचा हलवा आहे, पण तो शेजारीपाजारी वाटायचा. तो बिदअत की नाही, हा वाद उलेमांनी मिटवावा. दरवर्षी त्या हलव्यावर जेवढे मेसेज येतात, त्याच्या दहाव्या हिश्शानेही कुणी शाबानच्या शेवटच्या आठवड्यातल्या किराणा यादीवर बोलत नाही.

ती यादी बघा. बेसन, तेलाचे डबे, शेवया, सरबताच्या बाटल्या, चार प्रकारच्या खजुरा. आपल्या शहरात या आठवड्यात दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते. ज्यांनी मांस-लोणी सोडायचं ठरवलं ते फडताळ रिकामं करत, आणि दिवसभर काहीच न खाणारे आपण ते गच्च भरतो. हातावर पोट असलेला रिक्षावाला शेजाऱ्याच्या दस्तरख्वानकडे बघून उधारी करतो, आणि ती ईद झाल्यावर महिना-दोन महिने फेडत बसतो. याला बिदअत म्हणणारा एकही मेसेज मला अजून आलेला नाही.