तंबाखूचा कर व रोग्यांचा निधी

तंबाखूवरील कर वाढला की पानठेल्यावर कुरकुर होते; परंतु तो पैसा जातो कोठे, हे विचारणारा मनुष्य आमच्या वरूड तालुक्यात विरळाच. आमच्या मते विचारावयाचे तेच आहे.

आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावे चालणारी जनआरोग्य योजना 2012 च्या जुलैत, राजीव गांधींच्या नावाने, प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली. अमरावती त्यांपैकी एक होय. पुढे 2023 च्या शासननिर्णयाने संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्याचे व लाभ सर्व कुटुंबांस देण्याचे ठरले. फार चांगले झाले. पण हा वाढता भार सर्वसाधारण तिजोरीवर आहे, आणि तिजोरीस ओढ लागली म्हणजे कात्री प्रथम कोठे लागते, हे महसुली कचेरीत उमर घालविलेल्या आम्हांस सांगावयास नको.

यावर तोड याच राज्यात सापडलेली आहे. 1975 साली व्यवसाय कर बसला तो रोजगार हमीकरिता. कराचे उत्पन्न निराळ्या निधीत जावे व तितकीच रक्कम सरकारने आपल्या पदरची घालावी, असे कायद्यानेच बांधून दिले. शहरातल्या पगारदाराने भरले व खेड्यातल्या मजुरास काम मिळाले. वस्तू व सेवा कराचा निम्मा भाग राज्याचा असतो. मग तंबाखूपुरता तो भाग आरोग्य योजनेस का बांधून देऊ नये?

कर मात्र सर्वांवर सारखा हवा. 2025 च्या सप्टेंबरात परिषदेने सिगारेटवर 40 टक्के ठरविले, पण विडीवरचा 28 वरून 18 वर आणला. गरिबाची कीव म्हणून हे झाले म्हणावे, तर गरिबाच्याच फुप्फुसास धूर स्वस्त झाला! आणि आमचा खर्रा? ठेल्यावर घोटून दिलेल्या पुडीची पावती कोण देतो? तोंड उघडेनासे झालेला तरुण नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयाच्या दारी जातो, तेव्हा हिशेब होतो.

तंबाखू पिकविणाऱ्या बांधवांचे काय, असे कोणी म्हणेल. पानावरील अबकारी 1979 सालीच उठली. कर मुख्यतः तयार मालावर आहे. तरी त्या निमित्ताने व्यापारी भाव पाडील, ही भीती खोटी नव्हे. 1981 साली निपाणीस शरद जोशींच्या मागे शेतकरी रस्त्यावर बसले ते भावासाठीच. म्हणून पीक बदलू इच्छिणाऱ्यास याच निधीतून काही अंश मिळावा.

आमच्या संस्थेने येत्या बैठकीत असा ठराव करून नागपूरच्या अधिवेशनापूर्वी आमदारांकडे धाडावा. त्यात निधीचे नाव व कराचा हिस्सा स्पष्ट लिहावा. ‘योग्य ती तरतूद व्हावी’ हे शब्द घालू नयेत.