चाकोरीची किंमत

अमेरिकेच्या युटा राज्यात कॅन्यनलँड्स नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. ग्रीन आणि कोलोरॅडो या दोन नद्यांनी तांबडा वालुकाश्म कापून तेथे दऱ्या-घळींचे विलक्षण जाळे निर्माण केले आहे. वरचे पठार आणि तळाच्या नद्या यांच्या मधोमध, पठारापासून सुमारे बाराशे फूट खाली, पांढऱ्या वालुकाश्माची एक प्रचंड पायरी आहे आणि तिच्या काठाकाठाने सुमारे शंभर मैलांचा कच्चा रस्ता जातो. ‘व्हाइट रिम’ या नावाने तो ओळखला जातो. चारही चाकांना गती मिळणाऱ्या, उंच बांध्याच्या जीपगाडीतून हा फेरा पुरा करावयास दोन-तीन दिवस लागतात. वाटेत पिण्याच्या पाण्याची सोय कोठेही नाही. थेंबन् थेंब बरोबर न्यावा लागतो. लाकडाची शेकोटी पेटवण्यास मनाई आहे. शेफर घाटाची नागमोडी उतरण, मर्फी आणि हार्डस्क्रॅबल येथील अंगावर येणारे चढ यांत गाडी मोडली, तर ती ओढून आणण्यास सहसा हजार डॉलरहून अधिक खर्च येतो. असे असूनही वसंत आणि शरद ऋतूंतले मुक्कामाचे परवाने कित्येक महिने आधीच संपतात.

एवढ्या गैरसोयीसाठी माणसे रांग लावतात, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. गर्दीपासून दूर, आकाशाखाली घालवलेली रात्र ही औद्योगिक समाजात सर्वांत दुर्मीळ वस्तू बनली आहे. दुर्मीळ वस्तूची वाटणी कशी करावी, हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न. या वाळवंटात तो गेली साठ वर्षे न्यायालयात, कायदेमंडळात आणि गावच्या चावडीवर लढवला जात आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष ज्या ज्या देशात डोंगर, पठारे आणि किनारे पर्यटकांच्या गाड्यांना मोकळे होत आहेत, तेथे उपयोगी पडावा असा आहे.

मुळात हा रस्ता पर्यटकांसाठी झालाच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अण्वस्त्रांसाठी युरेनियमची निकड भासू लागली आणि अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाने कोलोरॅडोच्या पठारावर अक्षरशः पैशाचा पाऊस पाडला. खनिजाला हमीभाव, नव्या साठ्यास बक्षीस, खाणीपर्यंत सरकारी खर्चाने रस्ता असा तो प्रकार होता. ग्राहक एकच, तो म्हणजे सरकार. १९५२ साली चार्ली स्टीन या भूशास्त्रज्ञास मोआब गावाच्या आग्नेयेस मोठा साठा सापडला, तेव्हा धाडसी खाजगी उद्योजकतेचे पोवाडे गायले गेले. त्यामागील हमीभावाची आठवण मात्र फारशी कोणी काढली नाही. १९५० साली जेमतेम तेराशे वस्तीचे मोआब दहा वर्षांत साडेचार हजारांवर गेले. व्हाइट रिमचा रस्ता याच धामधुमीत युरेनियमच्या शोधासाठी खोदला गेला. त्याच्या कडेच्या खाणींतून निघाले ते अगदीच थोडे. खाणी ओस पडल्या, चाकोरी उरली.

त्या तेजीचे बिल पुढच्या पिढीकडे आले. मोआबजवळच्या कारखान्याने कोलोरॅडोच्या काठावर सुमारे एक कोटी साठ लाख टन किरणोत्सारी गाळ टाकून ठेवला. कारखाना १९८४ साली बंद झाला आणि त्याच्या मालक कंपनीचेही दिवाळे निघाले. तो ढिगारा रेल्वेने तीस मैलांवर हलवण्याचे काम २००९ साली सुरू झाले, तेही करदात्यांच्या पैशाने. खाणीत राबलेल्यांना, ज्यांत नवाहो कामगार मोठ्या संख्येने होते, नुकसानभरपाई देण्याचा कायदा १९९० साली झाला. उत्पादनाच्या वेळी जी किंमत हिशेबात धरली गेली नाही, ती नाहीशी झाली नव्हती; तिच्या वसुलीची तारीख तेवढी पुढे गेली होती.

गमतीची गोष्ट अशी की, कॅन्यनलँड्सचे उद्यान जन्मले तेच मुळी जीपच्या सफरींतून. बेट्स विल्सन हे शेजारच्या आर्चेस उद्यानाचे अधीक्षक. वॉशिंग्टनहून येणाऱ्या बड्या मंडळींना ते जीपमध्ये घालून या दऱ्यांतून हिंडवीत, रात्री उघड्यावर मुक्काम करीत आणि स्वतः रांधून जेवू घालीत. १९६१ साली गृहखात्याचे मंत्री स्टुअर्ट यूडॉल यांनी हा मुलूख पाहिला आणि १९६४च्या सप्टेंबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी उद्यानाच्या विधेयकावर सही केली. तेव्हा जीपगाडी ही निसर्गाची शत्रू आहे, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवलेला बरा. जे कोणी पाहिलेच नाही त्याचा कैवार कोण घेणार? प्रश्न संख्येचा आहे. विल्सन यांच्या काळी तेथे काही डझन गाड्या फिरत. आज पर्यटन हा मोआबचा मुख्य धंदा होऊन बसला आहे आणि १९६७ साली गावच्या व्यापारी मंडळाने सुरू केलेला ईस्टरचा जीप मेळावा आता नऊ दिवस चालतो.

एका गाडीने काय बिघडते, हे समजण्यासाठी तिथल्या जमिनीकडे वाकून पाहावे लागते. मोकळी दिसणारी ती वाळू पुष्कळ ठिकाणी मोकळी नसते. सूक्ष्म जीवाणू, दगडफूल आणि शेवाळ यांची काळपट, खडबडीत खपली तिच्यावर धरलेली असते. ही खपली मातीचे कण बांधून ठेवते, पावसाचे पाणी मुरवते, हवेतील नत्र जमिनीत आणते. चाक एकदा तिच्यावरून गेले की क्षणात चुरा होतो. तो भरून यावयास कित्येक दशके, काही ठिकाणी शतके लागतात. मग वारा मोकळी माती उचलतो आणि ती शेकडो मैलांवर कोलोरॅडोच्या सॅन वान पर्वतातील बर्फावर नेऊन टाकतो. मळलेले बर्फ ऊन अधिक शोषते आणि लवकर वितळते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाच्या अनुमानानुसार या धुळीमुळे कोलोरॅडो नदीचा वरच्या खोऱ्यातील वार्षिक प्रवाह सुमारे पाच टक्क्यांनी घटतो. ज्या नदीवर सात राज्ये, मेक्सिको आणि सुमारे चार कोटी माणसे अवलंबून आहेत, तिच्या बाबतीत पाच टक्के ही किरकोळ बाब नव्हे. या धुळीचे मोठे पाप एकोणिसाव्या शतकापासून झालेल्या बेसुमार चराईकडे जाते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. गाड्यांचा वाटा त्यात भर घालणारा आहे. परंतु लॉस एंजेलिसमधील नळधारकाचे नुकसान गाडी हाकणाऱ्याच्या खर्चात कोठेच धरलेले नाही, एवढे खरे. पेट्रोल, डबाबंद अन्न, तंबू यांचे पैसे तो देतो. मोडलेल्या खपलीचे देत नाही. बाह्य परिव्यय म्हणून पाठ्यपुस्तकात जो शिकवला जातो, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

मग उपाय कोणता? हॅरल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९४७ साली उद्यान खात्यास एक पत्र लिहून सुचवले होते की, प्रवासी किती दुरून आणि किती खर्च करून येतो, यावरून उद्यानापासून होणारा लाभ मोजता येईल. कल्पना चतुर होती आणि पुढे तिचे एक शास्त्रच झाले. पण ती लाभाचे माप देते, हानीचे नाही. शिवाय लाभ पैशात मोजला की, किंमत वाढवून गर्दी हटवावी, हा मोह पाठोपाठ येतो. एका रात्रीच्या मुक्कामास पाचशे डॉलर लावले तर गर्दी खचित ओसरेल. उरतील ते मात्र श्रीमंत. सर्व नागरिकांच्या मालकीची जमीन अशा रीतीने काही थोड्यांचे क्रीडांगण व्हावी, हे कोणत्याही लोकशाहीस शोभणारे नाही.

गॅरेट हार्डिन यांचा सामायिक मालमत्तेच्या शोकांतिकेवरील १९६८ सालचा निबंध सर्वज्ञात आहे. त्यांनी त्यात राष्ट्रीय उद्यानांचाच दाखला देऊन वाटणीचे पर्याय मांडले होते: विक्री, लिलाव, गुणवत्ता, सोडत किंवा जो आधी येईल त्याला. यांपैकी एकही सर्वांना रुचणार नाही; परंतु काहीच न निवडणे म्हणजे गायरानाचा उकिरडा करणे. पुढे एलिनॉर ऑस्ट्रम यांनी वापरणाऱ्यांनी स्वतः नियम करून सामायिक साधने टिकवल्याची जगभरची उदाहरणे दाखवली आणि २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांची गावे एकमेकांना ओळखणाऱ्यांची होती. देशाच्या चार कोपऱ्यांतून दोन दिवसांसाठी आलेले अनोळखी चालक आपसांत नियम करतील, ही अपेक्षा भाबडी ठरते. येथे नियम सरकारलाच करावा लागतो.

व्हाइट रिमवर उद्यान खात्याने तो केला आहे, आणि बरा केला आहे. मुक्कामाच्या जागा मोजक्या. एका गटात पंधरा माणसे आणि तीन वाहने, त्याहून अधिक नाही. २०१५ पासून एका दिवसाच्या फेऱ्यांनाही परवाना लागू झाला: दिवसाला पन्नास मोटारवाहने आणि पन्नास सायकली. शुल्क माफक. ज्याने आधी नाव नोंदवले त्याला जागा, मग तो कारखानदार असो की शाळामास्तर. या पद्धतीत दोष आहे तो असा की, चार महिने आधी रजेचा दिवस ठरवू शकणाऱ्याची सोय होते आणि ज्याचे काम आठवड्याच्या हिशेबावर चालते तो मागे राहतो. काही जागा सोडतीसाठी राखल्या तर हा दोष कमी होईल. पण संख्या आधी ठरली, नंतर वाटणी, हा क्रम बिनतोड आहे. जमीन किती सोसू शकते हे बाजारभावाने ठरत नाही.

उद्यानाची हद्द संपली की चित्र पालटते. भोवतालची विस्तीर्ण सरकारी जमीन केंद्रीय जमीन व्यवस्थापन खात्याकडे आहे आणि तेथे खाणवाल्यांनी, गुराख्यांनी, नंतर नुसत्या हौशी चालकांनी पाडलेल्या वाटांचे जाळे आहे. निक्सन यांच्या १९७२ सालच्या आदेशाने अशा वाटा नियमित करण्याचे बंधन सरकारी खात्यांवर घातले. त्यास पन्नास वर्षे उलटल्यावर, २०२३ साली, उद्यानाच्या उत्तरेकडील लॅबिरिंथ-जेमिनाय भागातील निर्णय आला. अकराशेहून अधिक मैलांच्या वाटांपैकी ३१७ मैल मोटारींना बंद करण्यात आले, आठशेहून अधिक मैल खुले राहिले. एवढ्यावरही राज्य सरकार आणि चालकांच्या संघटना न्यायालयात धावल्या. पर्यटन बुडेल, ही हाकाटी अर्थातच झाली. मोआबच्या रहिवाशांनी मात्र २०२१ सालीच गाड्यांच्या आवाजावर मर्यादा घालणारे नियम करून घेतले होते. ज्यांचे पोट पर्यटनावर चालते त्यांनाही रात्री झोप हवी असते.

वृद्ध, अपंग, लहान मुले असलेली कुटुंबे यांनी काय करावे, हा चालकांच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद आहे आणि तो टाळता येणार नाही. पायी दहा मैल जाणे ज्यांना अशक्य आहे त्यांनी ही दरी पाहूच नये काय? जरूर पाहावी. शंभर मैलांचा व्हाइट रिम त्यासाठीच खुला आहे आणि उद्यानाबाहेरच्या शेकडो मैलांच्या वाटाही. एखाद्याला कोठे तरी नेणारी वाट असावी, हा हक्क मान्य केला म्हणून प्रत्येक ओढ्यातून गाडी नेण्याचा हक्क सिद्ध होत नाही.

सॉल्ट क्रीकचे प्रकरण या दृष्टीने मुळातून अभ्यासण्यासारखे आहे. दोन मोठ्या नद्या सोडल्या तर या कोरड्या उद्यानात पाणी टिकवून धरणारा हा प्रमुख ओढा. त्याच्या काठी प्राचीन पुएब्लो लोकांची धान्याची कोठारे आणि शिळाचित्रे आहेत. एंजल आर्च या नैसर्गिक कमानीकडे जाणारी जीपची वाट ओढ्याकाठाने नव्हे, पुष्कळ अंतर ओढ्याच्या पात्रातूनच जात असे. वनस्पती चिरडल्या जात, पाण्यात तेल उतरे, गाड्या अडकून पडत. १९९५ साली पर्यावरणवादी संघटनेने दावा लावला. २००४ साली उद्यान खात्याने वरचा भाग गाड्यांना कायमचा बंद केला. तेव्हा सॅन वान परगणा आणि युटा राज्य पुढे आले ते १८६६ सालचा एक कायदा घेऊन. पश्चिमेकडे वसाहती व्हाव्यात म्हणून सरकारी जमिनीवर रस्ते बांधण्यास मुभा देणारा हा कायदा १९७६ साली रद्द झाला, तथापि त्यापूर्वी निर्माण झालेले हक्क शाबूत राहिले. उद्यान होण्यापूर्वी दहा वर्षे लोक येथून अखंड ये-जा करीत होते, सबब हा सार्वजनिक रस्ता आहे, असा दावा होता. २०१४ साली अपील न्यायालयाने पुरावा पारखून तो फेटाळला. अधूनमधून गेलेल्या गुराख्यांनी आणि खाणकऱ्यांनी सार्वजनिक रस्ता सिद्ध होत नाही, हा त्या निकालाचा आशय.

त्याच जुन्या कायद्याच्या आधारे युटा राज्याने २०१२च्या सुमारास हजारो वाटांवर हक्क सांगणारे दावे दाखल केले. त्यांतील कित्येक वाटा म्हणजे बुलडोझरची एकेकाळची खूण किंवा कोरड्या ओढ्याचे पात्र आहे. अणुशक्ती आयोगाने ज्या कामासाठी त्या पाडल्या ते काम साठ वर्षांपूर्वीच संपले. एखादी वाट आज कोणाच्या उपयोगाची, किती गाड्यांची आणि कोणाच्या खर्चाने, हे दरेक वेळी नव्याने विचारले गेले पाहिजे. व्हाइट रिमच्या बाबतीत ते विचारले गेले आणि उत्तर होकारार्थी आले. सॉल्ट क्रीकच्या बाबतीत नकारार्थी. त्या ओढ्याच्या वरच्या भागात आता पाऊलवाट तेवढी उरली आहे आणि एंजल आर्च पाहावयास जाणाऱ्यास पाण्याचे ओझे स्वतःच्या पाठीवर घेऊन जावे लागते.