पैसा कशावर खर्च करावा?



शिरूर तालुक्यात रांजणगावला आणि दौंड तालुक्यात कुरकुंभला औद्योगिक वसाहती आहेत. तेथील एका कारखान्यात माझा एक जुना विद्यार्थी कामाला लागला. पहिला पगार मिळताच त्याने हप्त्याने महागडा मोबाईल घेतला. "सर, कॅमेरा फार छान आहे!" तो म्हणाला. तीन महिन्यांनी काम सुटले. हप्ते मात्र सुटले नाहीत. ते आता त्याचे वडील भरतात. दौंड स्टेशनबाहेर त्यांची फळांची गाडी आहे.

अशा वेळी मला कैलास काटकर आठवतात. दहावीनंतर ते पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला लागले. काम शिकून त्यांनी स्वतःचे दुकान काढले. पुढे संगणकांचे दिवस येणार हे ओळखून ते संगणक दुरुस्ती शिकले आणि धाकटे बंधू संजय यांनाही संगणकाचे शिक्षण घ्यायला लावले. संजय यांनी संगणकातील व्हायरस काढणारे सॉफ्टवेअर तयार केले. १९९५ साली ते बाजारात आले. त्यातूनच 'क्विक हील' ही कंपनी मोठी झाली.

हौस करूच नये, असे मी म्हणत नाही. ईदला नवे कपडे हवेतच! मोबाईलही वाईट नाही. त्यावर पुष्कळ शिकता येते. पण कर्ज काढून हौस करू नये, असे मला वाटते. खिशात हात घालण्यापूर्वी स्वतःला विचारा : ही वस्तू मला काही शिकवील का? आणि तिचे पैसे कोण भरणार, मी की अब्बा?