भरपाईच्या हिशेबाबाहेरचे कीटक

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. पुढे भूसंपादनाच्या कागदांवर जमीन, घर, विहीर, फळझाडे यांच्या किमती मांडल्या गेल्या. झाडाच्या ढोलीत नांदणाऱ्या मधमाश्यांसाठी मात्र त्यांत रकाना नव्हता. असणार तरी कसा? ज्या सेवेचे बिल कोणी पाठवीत नाही, तिला बाजारभाव नसतो.

अर्थशास्त्राला ही अडचण नवी नाही. जेम्स मीड यांनी १९५२ सालीच सफरचंदाची बाग आणि शेजारचा मधपाळ यांचे उदाहरण घेऊन दाखविले की, एकाच्या कामाचा लाभ दुसऱ्यास फुकट मिळतो; म्हणूनच ते काम समाजाला हवे तेवढे होत नाही. आम्ही हे वर्गात शिकवितो, विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात. जर्मनीतील संरक्षित क्षेत्रांत २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन तीन-चतुर्थांशांहून अधिक घटल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा तरी त्याचे गांभीर्य ध्यानी यावयास हवे होते.

भंडारा जिल्ह्यात ते येत नाही, याचे कारण धान. धान हे मुख्यतः स्वपरागित पीक. मधमाशी नसली तरी लोंब्या भरतातच. तुडतुड्यांवर फवारलेले औषध त्यांना खाणाऱ्या कीटकांनाही मारते, पण तो खर्च पुढच्या फवारणीत दडून जातो. उत्पादनाच्या आकड्यांत कीटकांचा ऱ्हास दिसत नाही.

तो दिसतो परसात. लाल भोपळ्याच्या वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. पराग नेणारे कोणी नसेल, तर बोटाएवढे फळ पिवळे पडून गळते आणि गृहिणी बियाण्याला दोष देते. पुनर्वसित गावठाणात जुनी झाडे नाहीत, अंगणे सिमेंटची. तेथे हा प्रश्न अधिक जाचक होतो.

म्हणून अंगणाचा एक कोपरा उघड्या मातीचा ठेवावा. अनेक एकांड्या माश्या जमिनीतच घर करतात. सुकलेला बांबू जाळू नये, त्यात भुंगे राहतात. तुळस, शेवगा फुलू द्यावेत. लिंबाची पाने खाणारी अळी पुढे राणी पाकोळीही होऊ शकते. २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान मिळालेली तीच ही. फुलोऱ्यात फवारणी नकोच. सायंकाळी फवारतो, ही सबबही दोडक्यापुरती चालणार नाही, कारण त्याची फुले तेव्हाच उमलतात.

अर्थात मीड यांचा पेच येथेही आहेच: मी जपलेली माशी शेजारच्या फवारणीने मरते. एकट्याच्या परसाने भागत नाही. शाळांची आणि कचेऱ्यांची आवारे आपल्याच, म्हणजे शिक्षकांच्या व कारकुनांच्या, हाती आहेत. तेथील रानफुलांचे गवत निदान फुले ओसरेपर्यंत कापू नये, एवढे तर यंदाच्या पावसाळ्यापासून करता येईल.